फॅट पेंडीतून येत नाही

फलटण तालुक्यातल्या कुठल्याही दूध संकलन केंद्रावर सकाळची चर्चा दोन आकड्यांभोवती फिरते: फॅट किती लागले आणि डिग्री किती लागली. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (दुधातला स्निग्धेतर घन भाग, जो डिग्रीवरून काढतात) या मापाला बांधलेला आहे. जुलै 2023 मध्ये राज्य सरकारने लिटरमागे 34 रुपयांचा किमान दर जाहीर केला, तोही याच मापाला होता. माप उतरले की पॉइंटमागे पैसे कापले जातात. मग गोठ्यात जे उपाय होतात तेही ठरलेले आहेत: पेंडीची कंपनी बदलायची, पेंड किलोभर वाढवायची, वरून थोडे तेल द्यायचे आणि काहीच जमले नाही तर गाय विकून दुसरी आणायची. या सगळ्यामागे एक समजूत आहे. गाईच्या तोंडात जे घालावे तेच कासेतून बाहेर येते, स्निग्ध घातले की दूध स्निग्ध होते आणि पोत्याची किंमत जेवढी जास्त तेवढा दुधाचा दर्जा चांगला, अशी ती समजूत आहे.

ही समजूत वरवरची आहे आणि दूध उत्पादकाला ती महाग पडते. माझे म्हणणे असे आहे: दुधाची घडण मुख्यतः वैरणीवर ठरते, पोत्यातल्या खाद्यावर नाही. खाद्य लिटर वाढवू शकते, पण फॅट आणि प्रथिने टिकतात ती वैरणीच्या प्रतीवर, प्रमाणावर आणि ती गाईने किती चावली यावर. फलटण, माळशिरस, बारामती या नीरा खोऱ्यातल्या पट्ट्यात ही वैरण उसाच्या फडातून येते, उरलेले म्हणून येते, आणि तिला कोणी पीक मानत नाही. केंद्रावर कापल्या जाणाऱ्या पॉइंटचे मूळ तिथे आहे.

1. दूध कोटीपोटात ठरते

गाय स्वतः वैरण पचवत नाही. तिच्या कोटीपोटात, म्हणजे पहिल्या पोटात, जिवाणू, आदिजीव आणि बुरशी यांची प्रचंड वस्ती असते आणि गव्हाणीत टाकलेले सगळे आधी या वस्तीच्या वाट्याला येते. हे सूक्ष्मजीव वैरणीतला तंतू आंबवतात आणि त्यातून तीन आम्ले तयार होतात: असिटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक. गाईची बहुतेक ऊर्जा याच आम्लांतून येते. कडबा, गवत, घास असा तंतुमय आहार असेल तर असिटिक आम्ल सर्वांत जास्त, ढोबळमानाने साठ ते सत्तर टक्के बनते. मक्याचा भरडा, गहू, गोळी पेंड असा पिष्टमय आहार वाढला की प्रोपिऑनिकचा वाटा वाढतो.

या दोन आम्लांची कामे वेगळी आहेत. कासेतल्या पेशी असिटिक आम्लापासून नवी चरबी विणतात. दुधातली जवळपास निम्मी चरबी अशी कासेतच तयार होते, उरलेली रक्तातून येते. प्रोपिऑनिक आम्ल यकृतात जाऊन ग्लुकोज बनते आणि ग्लुकोजपासून कास दुग्धशर्करा बनवते. दुग्धशर्करा आपल्याबरोबर पाणी ओढून घेते, म्हणून दुधात तिचे प्रमाण पावणेपाच टक्क्यांच्या आसपास जवळजवळ स्थिर राहते आणि ती जितकी जास्त बने तितके दूध जास्त. म्हणजे पिष्टाने लिटर वाढतात आणि तंतूने फॅट टिकते. खाद्य वाढवून दूध वाढले आणि फॅट उतरले, अशी तक्रार दर घरात ऐकू येते. ती गाईची खोड नाही, ही त्या दोन आम्लांच्या प्रमाणाची गोष्ट आहे.

यात रवंथाचा वाटा फार मोठा आहे. चांगली लांब वैरण खाणारी गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते आणि दिवसभरात शंभर लिटरांहून जास्त लाळ गिळते. या लाळेत खाण्याच्या सोड्यासारखाच क्षार असतो आणि तो कोटीपोटातली आम्लता आटोक्यात ठेवतो. वैरण कमी झाली किंवा कुट्टी पिठासारखी बारीक झाली की रवंथ घटतो, लाळ घटते, आम्लता वाढते आणि तंतू पचवणारे जिवाणू सर्वांत आधी मरतात. मग तंतू गव्हाणीत असूनही उपयोगी पडत नाही. फॅट उतरल्यावर खाद्यातून सोडा देतात आणि त्याने थोडा फरक पडतोही, कारण गाईच्या लाळेने करायचे काम तो सोडा करत असतो. ती लाळ फुकट होती.

2. तेल दिल्यावर फॅट का उतरते

समजुतीला सर्वांत मोठा धक्का इथे बसतो. करडई, सूर्यफूल, सोयाबीन यांच्या तेलात लिनोलिक हे असंपृक्त मेदाम्ल भरपूर असते. करडईच्या तेलात तर ते साधारण तीन-चतुर्थांश असते. असे तेल सूक्ष्मजीवांना विषारी असते, म्हणून सूक्ष्मजीव त्याला हायड्रोजन जोडून निरुपद्रवी करू पाहतात. कोटीपोट निरोगी असेल तर हे काम एका वाटेने होते. आम्लता वाढलेली असेल तर वाट बदलते आणि मधल्या टप्प्यावर एक वेगळ्या घडणीचे मेदाम्ल तयार होते, ट्रान्स-10, सिस-12 लिनोलिक. ते रक्तातून कासेत पोचते आणि चरबी बनवणारी यंत्रणाच थंडावते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डेल बाउमन यांच्या गटाने 2000 मध्ये हे दाखवून दिले. गाईंच्या चौथ्या पोटात हे मेदाम्ल दिवसाला फक्त 10 ग्रॅम, असे चार दिवस सोडले, तर दुधातली चरबी चाळीस टक्क्यांहून जास्त घटली. याच घडणीचे दुसरे भावंड, सिस-9, ट्रान्स-11, तितकेच दिले तर चरबीवर परिणाम झाला नाही.

ज्या दुधात तेलामुळे फॅट यायला हवे होते तिथेच तेलामुळे फॅट बंद पडते, आणि पडते तेही दूध न घटता. उत्पादकाला काही बिघडल्याचे कळत नाही, फक्त पावतीवर 3.5 च्या जागी 2.9 येते. फलटणला या गोष्टीचे विशेष महत्त्व आहे. निंबकर कृषी संशोधन संस्था 1968 पासून इथे काम करते आहे आणि करडईवरचे तिचे संशोधन देशभर ओळखले जाते; बिनकाट्याच्या करडईचा संकरित वाण इथून निघाला. करडईची पेंड हे चांगले खाद्य आहे. पण घाण्याच्या पेंडीत बरेच तेल राहते. अशी पेंड भरपूर पिष्टाबरोबर आणि तुटपुंज्या वैरणीबरोबर दिली तर तिच्यातले तेल फॅट वाढवण्याऐवजी पाडेल. पुरेशा लांब तंतूबरोबर बेताने दिली तर पाडणार नाही. एकाच पेंडीचा एका गोठ्यात गुण आणि शेजारच्या गोठ्यात अवगुण दिसतो, तो या फरकामुळे. पेंडीच्या जाहिरातीत हे कधीच नसते, कारण जाहिरात पोत्याची असते आणि फरक गव्हाणीतल्या उरलेल्या भागाचा असतो.

3. डिग्री का लागत नाही

डिग्रीचे कोडे वेगळे आहे. लॅक्टोमीटर दुधाची घनता मोजतो. त्यावरून आणि फॅटवरून एसएनएफ काढतात. एसएनएफ म्हणजे दुग्धशर्करा, प्रथिने आणि खनिजे यांची बेरीज. यातली शर्करा स्थिर असते. खनिजेही फारशी हलत नाहीत, कारण आहारात कॅल्शियम कमी पडले तर गाय ते स्वतःच्या हाडांतून काढून दुधात घालते. हलतात ती प्रथिने, तीही दशांशात. निरोगी गाईचा एसएनएफ 8.5 वरून 8.3 झाला तर बहुतेक वेळा प्रथिने 3.2 वरून 3.0 टक्क्यांवर आली आहेत एवढाच त्याचा अर्थ असतो.

प्रथिने कमी पडली म्हणून प्रथिनांची पेंड वाढवावी, हे सरळ वाटते. पण दुधातली निम्मी-अधिक प्रथिने ज्यातून बनतात ते अमिनो आम्ल गाईला पेंडीतून थेट मिळत नाही. ते कोटीपोटातल्या जिवाणूंच्या शरीरातून मिळते. गाय आपल्याच पोटातले जिवाणू पुढच्या आतड्यात पचवून प्रथिने मिळवते. जिवाणू वाढायला नत्र लागते तशीच ऊर्जाही लागते, आणि दोन्ही एकाच वेळी लागतात. ऊर्जा नसताना पेंड वाढवली तर तिच्यातले नत्र अमोनिया होऊन रक्तात जाते, यकृतात त्याचा युरिया होतो आणि तो लघवीतून व दुधातून बाहेर पडतो. पेंडीचे पैसे गोठ्याच्या गटारात जातात आणि यकृताला जादा काम लागते, गाभण राहण्यातही अडचण येऊ शकते. डिग्री मात्र जागच्या जागी राहते. उन्हाळ्यात डिग्री घसरण्याचे मुख्य कारण हेच आहे: एप्रिल-मेच्या उन्हात गाय कमी खाते, धापा टाकते, लाळ गिळण्याऐवजी गाळते. ऊर्जा आधी तुटते. तेव्हा गरज असते पचायला सोप्या, चांगल्या वैरणीची आणि सावलीत पाण्याची. पेंड वाढवून ही तूट भरत नाही.

4. फलटणची गव्हाण कशाने भरते

फलटणचा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या मुलुखाचे रूप बदलले ते कालव्याने. नीरा खोऱ्यातल्या भाटघरच्या लॉइड धरणाचे बांधकाम 1920च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण झाले आणि नीरा उजव्या कालव्याने फलटण संस्थानात बारमाही पाणी आणले. 1930च्या दशकात साखरवाडीला साखर कारखाना उभा राहिला, पुढे सहकारी कारखाना आला. उसाने या तालुक्याला पैसा दिला हे नाकारण्याचे कारण नाही. पण उसाने गव्हाणीतही बदल केला. जिथे ज्वारी होती तिथे कडबा होता. ज्वारी हटली तसा कडबा मागे सरला आणि त्याच्या जागी वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, आले.

वाढ्यांविषयी दोन गोष्टी पुरेशा आहेत. पहिली, त्यांच्या कोरड्या भागात प्रथिने पाच-सहा टक्के असतात. कोटीपोटातल्या जिवाणूंना तंतू नीट पचवण्यासाठी वैरणीत किमान सात टक्क्यांच्या आसपास प्रथिने लागतात. म्हणजे वाढे एकटे दिले तर ते स्वतःही पुरते पचत नाहीत. गाईचे पोट भरलेले दिसते, पण तिला त्यातून जेवढे मिळायला हवे तेवढे मिळत नाही. दुसरी, वाढ्यांत ऑक्झलेट असते आणि ते कॅल्शियमला बांधून ठेवते. कोटीपोटातले काही जिवाणू ऑक्झलेट मोडतात, म्हणून गाय लगेच आजारी पडत नाही, पण महिनोन्महिने वाढ्यांवर ठेवलेल्या दुभत्या गाईची हाडे झिजतात आणि व्यायल्यावर तिला दुधाचा ताप येण्याचा धोका वाढतो. दुधातले कॅल्शियम मात्र तसेच राहते, म्हणून केंद्रावरच्या यंत्राला यातले काही दिसत नाही. दुधाची घडण गाईने आपले शरीर घालून सांभाळलेली असते आणि आपण त्याला चांगले दूध म्हणतो.

वाढे वाईट नाहीत. कडबा तरी कुठे समृद्ध आहे? त्यात प्रथिने वाढ्यांहूनही कमी असतात. फरक असा की कडब्याबरोबर शेतकऱ्याच्या घरात हरभऱ्याचा भुसा, तुरीचे कुटार, बांधावरचे गवत, विहिरीकाठचा घास असे मिश्रण आपोआप येत असे. ऊस एकटा येतो. गळीत हंगामात, नोव्हेंबर ते मार्चच्या काळात वाढे इतके येतात की इतर वैरणीची गरजच वाटत नाही, आणि हंगाम संपला की एप्रिलपासून काहीच उरत नाही. 2012-13 आणि 2018-19 च्या दुष्काळात माणदेशातल्या चारा छावण्यांत अख्खा ऊसच कुट्टी करून जनावरांपुढे टाकावा लागला. जनावरे जगली, हे मोठे काम झाले. पण साखरेच्या कारखान्यासाठी वाढवलेले पीक, साखरेसकट, दुष्काळाच्या मध्यात जनावराला घालावे लागते याचा अर्थ त्या प्रदेशात वैरणीचे म्हणून काही नियोजन नव्हते.

5. वेळ आणि लांबी

किती दिले यापेक्षा कसे दिले हे कधीकधी जास्त ठरते. दावणीला बांधलेल्या गाईला दूध काढताना एकदम चार-पाच किलो खाद्य मिळते आणि वैरण मागाहून मिळते. पिष्ट भराभर आंबते, आम्लता एकदम उसळते, आणि असे दिवसातून दोनदा होते. तेच खाद्य तीन-चार वेळांत विभागले किंवा आधी वैरण देऊन मग दिले तर तीच गाय त्याच खाद्यावर जास्त फॅट देते. फलटणच्या गोविंद मिल्क अँड मिल्क प्रॉडक्ट्सने मुक्त संचार गोठ्याचा आणि मुरघासाचा प्रसार केला. त्याचे कौतुक बहुतेकदा मजुरी वाचते, शेण काढावे लागत नाही, यासाठी होते. मला त्यातली महत्त्वाची गोष्ट दुधाची वाटते. मोकळी गाय दिवसातून दहा-बारा वेळा थोडेथोडे खाते, हवे तेव्हा पाणी पिते, बसून निवांत रवंथ करते. तिच्या कोटीपोटात चढउतार कमी होतात. मुरघासाने वर्षभर एकसारखी वैरण मिळते, म्हणून दर महिन्याला जिवाणूंची वस्ती नव्याने बसवावी लागत नाही. आहार बदलला की वस्ती जुळायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि त्या काळात फॅट-डिग्रीचा भरवसा नसतो.

6. आक्षेप

पहिला आक्षेप जातीचा: जर्सीचे फॅट साडेचारच्या पुढे जाते, होल्स्टिनचे साडेतीनभोवती राहते, म्हशीचे सहा-सातपर्यंत, मग वैरणीला कशाला दोष द्यायचा? जात खरेच महत्त्वाची आहे. फॅटच्या टक्केवारीत गाईगाईंमधला जवळपास निम्मा फरक आनुवंशिक असतो. या भागाने आनुवंशिकतेचे काम मन लावून केलेही आहे. मणिभाई देसाईंनी 1967 मध्ये उरुळी कांचनला बाएफ स्थापन केली आणि संकरित गाय पश्चिम महाराष्ट्राच्या दारात आणली; सांगलीत भिलवडीच्या चितळ्यांनी चांगल्या वळूंच्या रेतनावर भर दिला. पण जात मर्यादा आखते. त्या मर्यादेत आकडा कुठे बसेल हे रोजची गव्हाण ठरवते. जात बदलायला एक पिढी, म्हणजे किमान तीन वर्षे लागतात. आहार बदलल्यावर फॅट दोन-तीन आठवड्यांत हलते. एकच गाय, एकच वेत, आणि फॅट जानेवारीत 3.8 व मेमध्ये 3.0 असेल तर जातीकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. उलट जास्त दूध देणारी संकरित गाय आणून तिला देशी खिल्लार गाईच्या वैरणीवर ठेवले, की तिच्या आनुवंशिकतेचा उपयोग गाय खंगवण्यापलीकडे होत नाही. खिल्लार त्या वैरणीवर जगत होती, कारण ती दूध कमी देत होती.

दुसरा आक्षेप अनुभवाचा: सरकी घातली की फॅट वाढते हे पिढ्यान्पिढ्या दिसत आले आहे, ते खोटे का? खोटे नाही. सरकीत तेल असते, पण ते टरफलाच्या आत असते आणि हळूहळू सुटते. सरकीच्या टरफलात आणि त्याला चिकटलेल्या कापसात भरपूर तंतू असतो. म्हणजे सरकी तेलाबरोबर वैरणही घालते. तिच्यातले तेल वेगळे काढून बाटलीने पाजले तर तो परिणाम मिळणार नाही. जुन्या माणसांचे निरीक्षण बरोबर होते. त्यावरून काढलेला ‘तेलाने फॅट वाढते’ हा निष्कर्ष तेवढा चुकीचा होता. संरक्षित चरबी म्हणून जी पूड विकतात तीही कोटीपोटात न विरघळता पुढे जावी म्हणूनच तशी बनवलेली असते, आणि तिचा खर्च निघतो की नाही हे गाईच्या दुधावर अवलंबून आहे.

तिसरा आक्षेप हिशेबाचा आहे आणि तो गंभीर आहे. पैसे लिटरचे मिळतात. पॉइंट थोडे कापले गेले तरी लिटर वाढले तर नफाच, मग तंतूची काळजी कशाला? वीस लिटर दूध 3.0 फॅटने दिले तर गाईने ढोबळमानाने 600 ग्रॅम चरबी दिली. सतरा लिटर 4.0 फॅटने दिले तर 680 ग्रॅम. पहिल्या गाईने जास्त पाणी वाहिले, दुसरीने जास्त दूध दिले असे म्हणायला हवे. पण खरा हिशेब वर्षाचा आहे. आम्लता सतत चढलेली गाय खुरांनी लंगडते, खाणे कमी करते, वेळेवर माजावर येत नाही. फॅट अचानक उतरणे ही या साखळीची पहिली खूण असते, आणि ती रोज सकाळी फुकट हातात मिळते. तिला दरातली कपात एवढेच समजून तेल पाजणे म्हणजे ताप मोजून थर्मामीटरवर उपचार करण्यासारखे आहे. खाद्याच्या बाजूने एवढे मान्य करायला हवे की पंधरा-वीस लिटर दूध निव्वळ वैरणीवर मिळत नाही. प्रश्न खाद्य नको असा नाही. गाईने खाल्लेल्या कोरड्या भागात वैरणीचा वाटा किमान चाळीस टक्के असावा आणि ती वैरण चावण्याजोगी असावी, ही मर्यादा पाळली तर खाद्याचाही उपयोग होतो.

चौथा आक्षेप शहरातून येतो: डेअरीत फॅट काढतात, घालतात, प्रमाणित करतात, मग गोठ्यातल्या फॅटने ग्राहकाला काय फरक पडतो? फॅटपुरते हे खरे आहे. पण डेअरी प्रथिनांची प्रत बदलत नाही, मेदाम्लांची घडण बदलत नाही, आणि वैरणीतून आलेले विषही काढू शकत नाही. याविषयी पुढे थोडे सविस्तर.

पाचवा, पाण्याचा: आहे त्या पाण्यात उसाला हमीचा दर आहे, वैरणीला कोणाचाच दर नाही, मग शेतकरी वैरण का लावेल? हा एकच आक्षेप आहे ज्याचे पूर्ण उत्तर गोठ्यात सापडत नाही. तरी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. मुरघासासाठी मका दाणा चिकात असताना कापला तर ऐंशी-नव्वद दिवसांत येतो आणि शेत मोकळे होते; आडसाली ऊस दीड वर्ष शेतात पाणी पितो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आफ्रिकन टॉल मका, फुले जयवंत नेपियर, आरएल-88 लसूण घास असे चाऱ्याचे वाण दिलेले आहेत, त्यामुळे बियाण्याची अडचण नाही. अडचण अशी की घरच्या वैरणीला हिशेबात किंमतच धरली जात नाही. पेंडीचे पोते रोखीने येते म्हणून त्याची प्रत विचारली जाते; वैरण घरची म्हणून ती कशीही चालते. अर्धा एकर मका आणि पाच-दहा गुंठे घास यांतून पेंडीची किती पोती वाचली आणि किती पॉइंट टिकले, हे वहीत मांडले तर उसाशी तुलना करता येते. आज ती तुलना करायला आकडाच नाही.

7. दोन आकड्यांत न दिसणारे दूध

गव्हाण दुधात अशा कितीतरी गोष्टी घालते ज्या फॅट आणि डिग्रीला दिसत नाहीत. हिरव्या चाऱ्यातले कॅरोटीन गाईच्या दुधात उतरते आणि त्याला पिवळसर रंग येतो. उन्हात पडून राहिलेल्या कडब्यातले कॅरोटीन नष्ट झालेले असते. म्हैस कॅरोटीनचे अ जीवनसत्त्व करून टाकते म्हणून तिचे दूध पांढरे. ताज्या हिरव्या चाऱ्यावर दुधात ओमेगा-3 मेदाम्ले आणि वर सांगितलेले ते निरुपद्रवी सिस-9, ट्रान्स-11 मेदाम्ल वाढते. हे परिणाम खरे आहेत, पण मापात बघायला हवेत. पेलाभर दुधातून मिळणारे ओमेगा-3 फार थोडे असते आणि ‘हिरव्या चाऱ्याचे औषधी दूध’ म्हणून दुप्पट दराने विकण्याइतका आधार त्याला नाही. आयोडीनचे मात्र तसे नाही. गाईला खनिज मिश्रण दिले की दुधातले आयोडीन लक्षणीय बदलते.

सर्वांत महत्त्वाचे आहे ते बुरशीचे विष. भुईमुगाची पेंड, सरकी पेंड, मका आणि हवा शिरलेला मुरघास यांवर अफ्लाटॉक्सिन बी-1 तयार होते. गाईने ते खाल्ले की त्याचा काही भाग, ढोबळमानाने एक ते सहा टक्के, एम-1 या रूपात दुधात येतो, आणि तो दूध तापवून नष्ट होत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 2018 मध्ये देशभरातून 6,432 नमुने घेतले, त्यांतल्या 5.7 टक्के नमुन्यांत एम-1 मर्यादेपलीकडे, म्हणजे किलोला 0.5 मायक्रोग्रॅमच्या वर होते. ज्या भेसळीविषयी आपण जास्त बोलतो, तिच्यापेक्षा ही जास्त सर्वदूर अडचण निघाली. आणि ती कोणी केलेली भेसळ नाही. ती खाद्याच्या गोदामात आणि नीट न दाबलेल्या मुरघासाच्या बॅगेत तयार होते. दिलासा एवढाच की बुरशीचे खाद्य थांबवल्यावर चार-पाच दिवसांत दूध स्वच्छ होते. म्हणजे हे विष काल गव्हाणीत काय होते याची आजची नोंद आहे. त्याच पोत्याला ‘थोडी बुरशी लागली, माणसाला नको, गाईला चालेल’ म्हणणारा विचार शेवटी माणसाच्याच पेल्यात परततो.

8. पैसे कशाचे द्यायचे

म्हणून संकलन केंद्राने काय मोजावे हा आहाराचाच प्रश्न आहे. 1890 मध्ये अमेरिकी कृषिरसायनशास्त्रज्ञ बॅबकॉक यांनी फॅटची सोपी चाचणी दिली, तेव्हा दुधाला फॅटवर पैसे देणे ही मोठी सुधारणा होती, कारण त्याआधी पाणी घालणाऱ्याला आणि न घालणाऱ्याला एकच दर मिळे. आजच्या तपासणी यंत्रांपैकी बरीच यंत्रे प्रथिने वेगळी दाखवू शकतात. काही दूध युरियाही दाखवतात. प्रथिनांवर स्वतंत्र दर ठेवला तर डिग्रीसाठी दुधात साखर किंवा मीठ मिसळण्याला अर्थ उरणार नाही, आणि पेंड आणि वैरण यांतले चुकलेले प्रमाण त्याच दिवशी कळेल: प्रथिने कमी आणि युरिया जास्त असेल तर ऊर्जा कमी पडते आहे, दोन्ही कमी असतील तर पेंडच कमी आहे, फॅट प्रथिनांच्या खाली घसरले तर कोटीपोट आम्ल झाले आहे. पावतीवर चार आकडे आले तर उत्पादकाला खाद्याच्या दुकानात जाण्याआधी गव्हाणीत काय बदलायचे ते समजेल.

त्याच्या जोडीने वैरणीची तपासणी हवी. ऊस उत्पादक माती परीक्षण करून घेतो, कारखाना उसाचा उतारा मोजतो. दूध संघ मात्र आपल्या सभासदाच्या मुरघासातला कोरडा भाग, प्रथिने आणि बुरशी क्वचितच मोजतात. प्रत्येक संघाच्या प्रयोगशाळेत दुधाच्या नमुन्याशेजारी महिन्यातून एकदा गव्हाणीतल्या वैरणीचा नमुना तपासायला घेण्याची सोय झाली, तर त्याचा खर्च मेमध्ये कापल्या जाणाऱ्या पॉइंटांपेक्षा कमी असेल. आणि ती तपासणी सुरू करायची वेळ गळीत हंगाम आहे, जेव्हा वाढे स्वस्त असतात आणि कोणाला काही तपासावेसे वाटत नाही.